पारोसा घास

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट सांगितली जाते. ती अशी, की जपानमध्ये माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं, घरी आल्यावर सुनेने मला डब्यांच्या हवाली केलं आणि स्वतः नोकरीवर निघून गेली. त्या चिमूटभर डब्यांनी माझं पोट भरेना आणि एके दिवशी मी भुकेने बाथरूममध्ये कोसळलो. सांगणारी माणसं वाईट नाहीत. माझ्या काळजीपोटीच सांगतात. ऑपरेशन झालं हे खरं, डबे होते हे खरं, मी कोसळलो हेही खरं. सुनेने उपाशी ठेवलं हे मात्र खोटं आहे. ते खोटं आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि मी ते चालू दिलं. आता वय झालंय. माझ्यामागे तिच्या नावाला हे चिकटून राहू नये, म्हणून जे घडलं ते लिहितो.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. पत्नी गेल्यावर काही वर्षं पुण्यात एकटा राहिलो, मग मुलाने टोकियोला बोलावून घेतलं. फुनाबोरीत आमचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाल्कनीतून नदीचा बांध दिसतो. पाटबंधाऱ्याच्या माणसाला तेवढं पुरतं. मुलगा बँकेच्या संगणकांचं काम करतो, सकाळी लवकरची गाडी पकडतो आणि दिवे लागल्यावर परततो. नात शाळेत जाते. मी मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर देते, आणि आमचं दोघांचं बरं चालतं.

सुनेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ती पुण्यात बी.कॉम. झालेली. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला भाषा येत नव्हती. पहिली काही वर्षं घरात गेली. नात शाळेत जायला लागल्यावर तिने बेंतोच्या, तयार जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात अरुबाइतो धरली, म्हणजे तासांवरचं काम. पट्ट्यावरून रिकामे डबे सरकत येतात आणि प्रत्येकीने आपल्या वाटणीचा पदार्थ त्यात ठेवायचा. ती संध्याकाळी हसत सांगायची, "बाबा, बी.कॉम. करून आज दिवसभर भोपळ्याच्या दोन-दोन फोडी ठेवल्या. दोनच. तिसरी पडली तर ओरडा." तिथल्या बायकांशी बोलून बोलून आणि घरी पुस्तकं घेऊन तिने जपानी पक्कं केलं, परीक्षा दिल्या, आणि एका वाहतूक कंपनीच्या हिशेब विभागात कायमच्या नोकरीसाठी तिची निवड झाली. सुरुवातीला काही महिने उमेदवारीचे. ते पार पडले की पक्की. त्या दिवशी तिने श्रीखंड केलं होतं.

उमेदवारी अर्ध्यावर आली असताना माझ्या पोटात गाठ निघाली. वॉर्ड ऑफिसच्या नेहमीच्या तपासणीत दुर्बिणीने दिसली. लवकर सापडली म्हणून निभावलं, पण पोटाचा मोठा भाग काढून टाकावा लागला.

ऑपरेशननंतर इस्पितळात आधी ओमोयु देतात. ओमोयु म्हणजे आपली पेज, शीतं गाळून घेतलेली. मग हळूहळू शितांचं प्रमाण वाढवत नेतात, शेवटी पूर्ण मऊ भात. कोकणातल्या कुठल्याही आजीने हेच केलं असतं. आम्हाला मासळी चालत नाही हे सुनेने तिथे किती वेळा समजावलं असेल. त्यांच्या साध्या कढणातही मासळी असते. शेवटी ते रोज टोफू पाठवू लागले. घरी सोडण्याआधी आहार सांगणाऱ्या बाईंनी सुनेला आणि मला समोर बसवून सगळं शिकवलं. पोट आता एका वाटीएवढं उरलंय. दिवसातून सहा वेळा, दर वेळी थोडं, पुष्कळ चावून. खाल्ल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. एकदम जास्त खाल्लं तर अन्न धाडकन आतड्यात उतरतं, घाम फुटतो, छाती धडधडते. फार वेळ उपाशी राहिलं तरी चक्कर येते, म्हणून खिशात साखरेच्या गोळ्या ठेवायच्या. आणि नर्सने वेगळं सांगितलं: उपाशीपोटी गरम पाण्याची अंघोळ नको, आणि घरात कोणी नसताना तर नकोच.

सून हे सगळं मला मराठीत सांगत होती. मी मान डोलावत होतो. शेवटची गोष्ट ऐकतानाच मला अडचण दिसली होती. बोललो नाही.

अडचण अशी. मी जन्मात कधी पारोशाने खाल्लेलं नाही. अंघोळ झाल्याशिवाय, देवापुढे दिवा लावल्याशिवाय अन्न तोंडात घालायचं नाही, हे आईने लावलं आणि अंगात मुरलं. चहाला तिची सूट होती, कारण तिला स्वतःला तो लागायचा. गंमत म्हणजे हा माझा नियम आहे हे सुनेला माहीत नव्हतं. मुलालाही नीटसं नव्हतं. मी आयुष्यभर पहाटे पाचला अंघोळ करत आलो. घर उठेपर्यंत माझं सगळं आवरलेलं असायचं. जो नियम मोडायची वेळच येत नाही, तो इतरांना दिसणार कसा.

इस्पितळात मी अंघोळीविना खाल्लं, आणि मला काहीही वाटलं नाही. दवाखाना, प्रवास, परमुलूख इथे नियम नसतो. घर वेगळं. घरात देव आहेत, स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात, मसाल्याच्या शेजारी.

आजाऱ्याला नियम नाही, असंही आईच म्हणायची. पण ते मी कोणाच्या बाबतीत पाहिलं होतं? वडिलांच्या. शेवटच्या दुखण्यात ती त्यांना अंथरुणावरच भरवायची, अंघोळ नाही, काही नाही, ओल्या फडक्याने तोंड पुसून. मी दारात उभा राहून बघायचो. तेव्हापासून पारोशाने जेवणं म्हणजे अंथरूण धरणं, आणि अंथरूण धरणं म्हणजे पुढचं सगळं, असं माझ्या मनात बसलं असावं. हे मला आज लिहिताना कळतंय. तेव्हा एवढंच कळत होतं, की मी आजारी नाही. माझं ऑपरेशन झालंय, बस.

घरी आल्यावर सुनेने पहिले काही दिवस सुट्टी काढली. ती घरात असल्याने मी पहाटेच अंघोळ उरकायचो आणि तिच्यासमोर सहाही वेळा खायचो. तब्येत चांगली सुधारत होती. उमेदवारीत याहून जास्त रजा मिळणार नव्हती. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने फ्रीज उघडून दाखवला. बेंतोचा हात तो. रंगीत झाकणांचे छोटे डबे एका ओळीत लावलेले.

"बाबा, डावीकडून सुरू करायचं. पांढरं झाकण मी निघाले की लगेच. मग पिवळं, मग हिरवं. मायक्रोवेव्हला हे बटण. दुपारची दोन या खालच्या कप्प्यात. रात्रीचं आपल्याबरोबर."

"समजलं गं. मला काय पहिल्यांदा जेवायचंय?"

"आणि एक. मी उद्यापासून पहाटे उठून आवरणार, तेव्हा बाथरूम मला लागेल, शाळेची घाई असेल. तुम्ही अंघोळ संध्याकाळी करत जा. इथे सगळे संध्याकाळीच करतात. आम्ही घरात असू, नर्सनेही तेच सांगितलंय."

मी "बरं" म्हणालो.

तिथे मी एक वाक्य बोलायला हवं होतं. "अगं, मी अंघोळीशिवाय खात नाही." एवढंच. तिने लगेच वाट काढली असती, ती तशीच आहे. पण एका नियमासाठी घराचं वेळापत्रक हलवायला सांगायचं, तेही नोकरीच्या ऐन महिन्यांत, म्हणजे मी किती जुनाट, असं वाटलं. आणि नियम सोडायचा, तर मी आजारी. दोन्ही नको होतं, म्हणून मी "बरं" म्हणालो आणि मनात तिसरंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सगळे गेले. मी चहा घेतला. पांढरं झाकण तसंच राहिलं. पिवळ्याची वेळ गेली. हात थरथरू लागले तेव्हा खिशातली गोळी तोंडात टाकली. गोळी म्हणजे औषध, ती अन्नात धरत नाहीत. दुपार व्हायला आली तेव्हा मी एकट्याने अंघोळ केली, हळूच, भिंतीला धरून. दिवा लावला. मग जेवायला बसलो तर समोर तीन डबे. मऊ भात आणि मेतकूट, भोपळ्याचं भरीत दह्यातलं, मुगाचं वरण घातलेला टोफू. सुनेने पहाटे उठून केलेलं. अन्न टाकायचं नाही हाही आमच्या घरचा नियमच, आणि तो मोडायला माझं मन पहिल्याइतकंच तयार नव्हतं. मी तिन्ही डबे एका बैठकीत संपवले.

थोड्याच वेळात पोटात पीळ पडला. घामाने सदरा भिजला, छाती अशी उडायला लागली की कानात ऐकू यावी. मी आडवा झालो, तेही करायचं नव्हतं. उठलो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. दुपारचे दोनही संपवले आणि डबे घासून पालथे घातले.

संध्याकाळी सून आली आणि आधी ओट्याकडे गेली.

"वा बाबा. सगळं संपवलंत की."

तिचा चेहरा असा फुलला होता, की सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी ती सवय झाली.

वजन उतरू लागलं. एरवी ज्याचं वजन उतरतं त्याच्याकडे लोक संशयाने बघतात की हा खात नाही. इथे रिकामे डबे साक्षीला होते. मग दोष कोणाचा? अन्नाचा. म्हणजे करणाऱ्या हाताचा. सून आणखी लवकर उठू लागली. रव्याची लापशी करून बघितली, नाचणी मिळवली, टोफू बारीक वाटून साईच्या दह्यात कालवला. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभी राहून आहारवाल्या बाईंना फोन करायची. त्या विचारायच्या, सहा वेळा खातात ना? ती म्हणायची, हो, डबे रिकामे असतात.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी कागद बघून माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं. सून माझ्याकडे वळली. "सेन्सेई विचारतायत, एका वेळी एकच डबा खाता ना?"

"हो," मी म्हणालो.

तिने ते त्यांना जपानीत सांगितलं, मान झुकवून, अदबीने. माझं खोटं तिच्या तोंडून गेलं. डॉक्टरांनी कागद पुन्हा चाळला. मग म्हणाले, काही लोकांना वेळ लागतो. आणखी तपासण्या लिहून दिल्या. बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय बाबा. काय ते कळत नाहीये." मी पायातल्या चपलेकडे बघत बसलो.

रविवारी पुण्याहून मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. मुलगी माझ्या मुलाहून लहान, बोलायला फटकळ, पण मायाळू. पडद्यावर माझा चेहरा दिसला की तिच्या कपाळाला आठी पडायची.

"बाबा, गाल कुठे गेले तुमचे? वहिनी, तू यांना खायला काय देतेस?"

सून डबे दाखवायची.

"हे? हे तर हळदीकुंकवाच्या वाट्या आहेत. आणि डब्यात का? बाबा काय ऑफिसला जातात?"

"डॉक्टरांनी थोडं थोडं सांगितलंय गं," मुलगा मागून म्हणायचा.

"थोडं म्हणजे किती थोडं? दादा, घरात माणूस असलं की चार घास जास्त जातात. नोकरी काय, सहा महिन्यांनी नाही का करता येणार?"

सून काही बोलायची नाही. मीही नाही. माझ्याकडे तर बोलायला सगळं होतं.

मग तो दिवस आला. आदल्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं. सकाळी गोळ्याही संपलेल्या. दुपारपर्यंत थांबायचा धीर नव्हता म्हणून अंघोळ जरा लवकर करायचं ठरवलं. इथल्या बाथरूममध्ये बुटक्या स्टुलावर बसून अंगावर पाणी घेतात. पाणी चांगलं कढत होतं. डोक्यावर घेतलं आणि समोरच्या फरशा पांढऱ्या होत गेल्या. स्टुलावरून खाली कसा आलो ते कळलं नाही. पडलो म्हणण्यापेक्षा वितळलो म्हणावं. शुद्ध होती, पण पायांत जीव नव्हता. भिंतीवर बोलवायचं बटण असतं. हात लांबवून ते दाबलं. स्वयंपाकघरात एक छोटीशी धून वाजली. मी पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. रिकाम्या घरात ती धून वाजत होती, आणि मी ऐकत होतो.

सुनेने जेवणाच्या सुट्टीत घरी फोन केला होता. मी उचलला नाही, परत केला, तरी नाही. ती तशीच निघाली. कंपनी दोनच स्टेशनं दूर आहे. आली तेव्हा मी पंचा गुंडाळून बाथरूमच्या दारात भिंतीला टेकून बसलो होतो, तिथवर सरकत आलो होतो. ती ओरडली नाही. पर्समधून साखरेची गोळी काढून माझ्या तोंडात घातली, अंगावर रजई टाकली, केस पुसले. मग डोळ्यांत बघत म्हणाली, "दिसतंय का नीट? बोटं किती?" मी म्हणालो, "तू पर्स खांद्यावरून काढ आधी." तेव्हा ती थोडी हसली.

मग काहीतरी गरम द्यावं म्हणून तिने फ्रीज उघडला. आणि उघडाच ठेवून उभी राहिली.

"बाबा, हे तिन्ही भरलेले आहेत."

मी सांगितलं. पहिल्या दिवसापासून सगळं. अंघोळ, दिवा, आई, तीन डबे एकदम. सांगताना ते इतकं लहान वाटत होतं, की मध्येच थांबावंसं वाटलं.

ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली. म्हणाली, "अंघोळ?"

"हो."

"मला वाटत होतं, माझ्या हाताला काही झालंय. रोज डबा भरताना वाटायचं, यातलं काय यांना बाधतंय." मग रुमालाने नाक पुसलं. "काल काचोसानना, आमच्या विभागाच्या साहेबांना, सांगून आले. की मला जमत नाहीये, परत पार्टटाइम द्या म्हणून. ते म्हणाले, आठवडाभर विचार करा."

हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "उद्या जाऊन सांग, विचार झाला, मी राहतेय."

मुलाला संध्याकाळी कळलं. तो माझ्यावर आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगायचात ना, कालव्याला पाळ्या कशासाठी असतात. सगळं पाणी एकदम सोडलं तर शेत वाहून जातं." मी पस्तीसेक वर्षं शेतकऱ्यांना हेच सांगत हिंडलो होतो.

तोडगा काढायला सुनेला चहाच्या कपाएवढा वेळ लागला. पाचला ती उठतेच. मी पाचलाच अंघोळ करायची, ती ओट्याशी असेल, बटण वाजलं तर ऐकू येईल. स्वतःचं ती रात्री आवरेल.

"पण आधी चार घास," ती म्हणाली. "उपाशीपोटी गरम पाणी नाही. त्यात आजींचं नाही चालणार, नर्सचं चालेल."

"हात-पाय-तोंड धुतो."

"धुवा. दोनदा धुवा. पण खा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पारोशाने पहिला घास खाल्ला. मऊ भात, तूप, मीठ. सून पाठमोरी उभी राहून भोपळा चिरत होती. मुद्दाम पाठमोरी, हे मला कळत होतं. काहीही झालं नाही. भात गरम होता आणि मला भूक होती.

वजन उतरायचं थांबलं, मग सावकाश वाढलं. तिची उमेदवारी पार पडली, नोकरी पक्की झाली. गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण त्या संध्याकाळी मी दोघांना एक सांगितलं होतं: "मी कशामुळे कोसळलो ते पुण्याला कळवू नका." मुलगी काय म्हणेल, म्हातारा असून पोरासारखा वागला, याची मला लाज वाटत होती. सून "बरं" म्हणाली. मला तिचं ते "बरं" फार आठवतं. माझ्या "बरं"सारखं ते नव्हतं. तिने ते पाळलं.

पुण्याला एवढंच कळलं, की बाबा बाथरूममध्ये कोसळले तेव्हा वहिनी ऑफिसात होती. पुढचं लोकांनी आपापलं भरलं.

गेल्या हिवाळ्यात मुलीच्या मुलाची मुंज झाली. आम्ही सगळे पुण्याला गेलो. पंगतीत पुरणपोळी होती. सून वाढायला होती, भाजीचं भांडं घेऊन. माझ्या पानात कोणीतरी आग्रहाने दुसरी पोळी टाकली. गोड जास्त झालं तर माझं काय होतं हे तिथे फक्त तिलाच माहीत. ती वाकली आणि काही न बोलता ती पोळी उचलून शेजारी माझ्या मुलाच्या पानात ठेवली.

मुलीने ते पाहिलं. "वहिनी, अगं लेकीच्या मांडवात तरी बाबांना पोटभर खाऊ दे. इथे तरी डबे बंद ठेव."

अख्खी पंगत हसली. कोणीतरी म्हणालं, "जपानी माप आहे ते." सूनही हसली आणि पुढच्या पानावर भाजी वाढायला गेली. मुलगा माझ्याकडे बघत होता. मी पानावर बसलो होतो, तोंडात घास होता, पुष्कळ चावायचा असतो म्हणून चावत राहिलो. घास कधीच संपला होता.

परतताना विमानात मी तिला म्हणालो, "तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगितलं होतंत ना, कळवायचं नाही." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "आणि कळवायचं झालं तर ते तुम्ही कळवायचं. मी सांगितलं तर ती सबब होते."

मग बरेच रविवार गेले. प्रत्येक रविवारी मी ठरवायचो, आणि मुलगी "कसे आहात बाबा" म्हणाली की "मजेत" म्हणायचो.

मागच्या रविवारी मी पहाटे अंघोळ केली नाही. सुनेने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, बरं आहे. मुलीचा फोन यायच्या वेळेला पांढऱ्या झाकणाचा डबा घेऊन टेबलाशी बसलो. सून बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, काचेचं दार बंद होतं. पडदा उजळला.

"हे काय, जेवताय? तिकडे तर दुपार व्हायला आली ना?"

"दुसऱ्यांदा खातोय. आणि अजून अंघोळ व्हायचीय."

"तुम्ही? पारोसे?" ती हसायला लागली. मग माझा चेहरा बघून थांबली. तिला बरोबर माहीत होतं. पुण्यातल्या घरी आईच्या मागे मागे वाढलेली ती.

मी घास चावून गिळला आणि सांगितलं. तीन डबे, रिकामं घर, डॉक्टरांपुढचं "हो", सगळं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. हे तिच्या बाबतीत नवलच.

शेवटी म्हणाली, "मग मुंजीत मी जे बोलले ते?"

"तेव्हा मी पानावर बसलो होतो. मी बोलायला हवं होतं."

ती खाली बघत होती. मग वेगळंच काही म्हणाली. "आई पहाटे चारला बंब पेटवायची. पावसाळ्यात लाकडं ओली असली की धुराने डोळे लाल व्हायचे तिचे. मला वाटायचं, तिलाच लवकर उठायला आवडतं."

माझी अंघोळ पाचला व्हायची, एवढंच मला ठाऊक होतं. पाणी तापलेलं असायचं.

"वहिनी आहे का तिथे?" मुलीने विचारलं. "द्या तिला."

मी दार सरकवून फोन दिला आणि दार परत लावून घेतलं. काचेतून मला सून दिसत होती, खांद्यावर नातीचा ओला शर्ट, हातात चिमटा. आधी ती नुसती ऐकत होती. मग काहीतरी म्हणाली, मान हलवली, नाही-नाही अशी. चिमट्याने कठड्यावर टकटक करत राहिली. एकदा तिने पाठ फिरवली आणि बराच वेळ नदीकडे तोंड करून उभी राहिली. मी डबा संपवला. घास मोजत नव्हतो, पण चांगला चावून संपवला.

आत आली तेव्हा फोन चालूच होता. तिने तो माझ्यापुढे धरला.

"बाबा," मुलगी म्हणाली. आवाज बसलेला होता. "पुढच्या वेळी याल तेव्हा पुरणपोळी मी वाढणार. अर्धी. सगळ्यांसमोर. आणि का अर्धी ते पण सांगणार."

सुनेने फोन स्वतःकडे वळवला. "अर्धी जास्त होते गं त्यांना," ती म्हणाली. "पाव वाढ. राहिलेली मला दे."